प्रत्यक्षदर्शी नसलेला खटला

२०१८ च्या जानेवारीत औरंगाबादला एक वैदिक संमेलन भरले होते. त्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी पत्रकारांना सांगितले की, डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे. वानराचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांपैकी कोणी लिहून ठेवलेले नाही की सांगितलेले नाही. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र येऊन या विधानाचा प्रतिवाद केला, खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी अशी विधाने टाळण्यास सांगितले, आणि प्रकरण मिटल्यासारखे झाले. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीचे दहावीचे विज्ञानाचे नवे पुस्तक छापून आले तेव्हा त्यातल्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात नुसती आनुवंशिकता उरली होती. कारण दिले गेले ते करोनाकाळातल्या अभ्यासाच्या ओझ्याचे. या दोन घटना एकाच सूत्राने बांधलेल्या आहेत असा माझा दावा नाही, कारण तसा पुरावा माझ्याकडे नाही. पुराव्याविषयीच लिहायचे असल्याने एवढे पथ्य पाळणे भाग आहे.

मात्र २०१८ चे ते विधान मला आजही मोलाचे वाटते, कारण उत्क्रांतीविषयीचा सर्वसामान्य माणसाचा खरा आक्षेप त्यात नेमका उतरला आहे. तो आक्षेप धर्माचा नाही, पुराव्याचा आहे. ‘कोणी पाहिले?’ हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. फक्त तो विचारणारे गृहस्थ राजकारणात येण्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, याची गंमत वाटते. ज्या खात्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या खात्याचे निम्मे काम प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना घडलेली घटना मागाहून उभी करण्याचे असते. पंचनामा, जप्त केलेला मुद्देमाल, शवविच्छेदनाचा अहवाल आणि या सगळ्यांची एकमेकांशी लागणारी संगती, यांवर खटले उभे राहतात.

अशा पुराव्याला कायद्यात परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात, आणि तो दुय्यम प्रतीचा असतो हा आपला गैरसमज चित्रपटांनी करून दिलेला आहे. १९८४ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या पुराव्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या. वकीलमंडळी त्यांना पंचशील म्हणतात. प्रत्येक दुवा पूर्णपणे सिद्ध झालेला हवा, दुव्यांची साखळी अखंड हवी आणि हे दुवे एकाच निष्कर्षाशी जुळावेत, इतर प्रत्येक शक्यता त्यांनी बाद करावी, असा त्यांचा गाभा आहे. कसोट्या इतक्या कडक होत्या की त्या खटल्यातला आरोपी त्यांच्याच बळावर सुटला. माणसाच्या उत्क्रांतीचा खटला याच कसोट्यांवर चालवावा आणि सवलत मागू नये, असे माझे म्हणणे आहे. त्याचबरोबर हेही म्हणणे आहे की हा खटला आपण आपल्या मुलांपुढे आजवर नीट मांडलेलाच नाही.

मुद्देमालापासून सुरुवात करू. ज्या शहरात ते विधान झाले, तेथून साठेक किलोमीटरवर नगरच्या वाटेला प्रवरेकाठी नेवासे आहे. मराठी माणसाला हे गाव ज्ञानेश्वरांचे आणि ते ज्याला टेकून बसले त्या पैसाच्या खांबाचे म्हणून माहीत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात येथे उत्खनन केले, तेव्हा मध्ययुगापासून मागे जात ताम्रपाषाणयुगापर्यंतची वस्ती उलगडत गेली आणि नदीच्या जुन्या गाळात त्याहून कितीतरी जुनी दगडी हत्यारे मिळाली. पुढे १९६६ ते १९६९ या काळात गुद्रुन कोर्व्हिनस या जर्मन संशोधिकेने नेवाशाजवळच्या चिरकी नाल्यापाशी पद्धतशीर खोदकाम केले. तेथे हातकुऱ्हाडी आणि रुंद धारेची फरशीसारखी हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. बहुतेक आपल्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्ट आणि डोलेराइटची. याच बाई पुढे इथिओपियात हदारच्या मोहिमेत होत्या आणि त्या परिसरातल्या अतिप्राचीन हत्यारांचा शोध घेणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. नेवाशाचे गोटे पाहून तयार झालेली नजर आफ्रिकेत उपयोगी पडली, असे म्हणायला हरकत नाही.

येथे शंका घेणारा विचारतो की नदीतला फुटका धोंडा आणि हत्यार यांतला फरक कोणी ठरवायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दगडावरच असते. नेमक्या कोनात जोरकस घाव बसून कपची उडते, तेव्हा तिच्या आतल्या अंगावर घावाच्या बिंदूपाशी एक फुगवटा उठतो आणि मूळ दगडावर त्याचा खळगा राहतो. पुरात वाहत गेलेल्या गोट्यावरही एखादा असा घाव सापडेल. मात्र हातकुऱ्हाडीवर असे दहा-वीस खळगे असतात, ते दोन्ही बाजूंनी काठाला लागून एका ओळीत असतात, मागचा खळगा पुढच्या घावासाठी जागा करून देतो, आणि शेवटी जो आकार निघतो तो एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला गोलसर, दोन्ही अंगांनी सारखा असतो. एखाद्या वाड्याची घडीव चिऱ्यांची भिंत पाहून हे दगड डोंगरावरून घरंगळत येऊन असे बसले असतील, असे आपण म्हणत नाही. शिवाय उडालेल्या कपच्या तेथेच पडलेल्या मिळतात. काही ठिकाणी त्या पुन्हा मूळ गाभ्याला जोडून दाखवता येतात, म्हणजे कारागिराने कोणता घाव आधी घातला आणि कोणता नंतर, हेही कळते.

हत्यार कोणाचे आणि कधीचे, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न. येथे प्रामाणिकपणासाठी आपल्या दारातलेच एक उदाहरण दिले पाहिजे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सान्निध्यात जुनी दगडी हत्यारे मिळाली. राखेचे वय काढता येते, त्यामुळे पुरातत्त्वज्ञांना हर्ष झाला. पहिल्या मोजणीत वय निघाले सुमारे १४ लाख वर्षे. नंतरच्या एका मोजणीत ते पावणेसात लाखांच्या आसपास आले, आणि राखेचे रासायनिक घटक तपासणाऱ्यांनी सांगितले की ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे जेमतेम ७५ हजार वर्षांपूर्वीची राख आहे. हा वाद वर्षानुवर्षे चालला. यावरून ‘शास्त्रज्ञांचेच एकमत नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो, पण हा वाद कशावर होता ते पाहावे. तो एका थराच्या वयावर होता. ती हत्यारे घडवलेली आहेत किंवा ती आजच्या कोणत्याही धर्मग्रंथापेक्षा दहापट जुनी आहेत, यावर कोणाही पक्षाला शंका नव्हती. सर्वांत धाकटे वय धरले तरी ते ७५ हजार आहे.

जेथे मोजणी पक्की झाली तेथले आकडे वेगळेच सांगतात. तमिळनाडूतले अत्तिरम्पाक्कम हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला १८६३ च्या मे महिन्यात मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातली पहिली पुराश्मयुगीन हातकुऱ्हाड ओळखता आली आणि त्याच वर्षी पुढे अत्तिरम्पाक्कमचे स्थळ सापडले. दीडशे वर्षांनी शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांनी तेथे खोल खड्डे घेऊन क्वार्टझाइटची साडेतीन हजारांहून अधिक हत्यारे थरांसह नोंदली. एका गटाने गाळातल्या चुंबकीय कणांची दिशा तपासली, दुसऱ्याने हत्यारांच्या दगडात वैश्विक किरणांमुळे तयार झालेले विशिष्ट अणू मोजले. या दोन पद्धतींचे तत्त्व एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की ही हत्यारे कमीत कमी १० लाख ७० हजार वर्षांची आहेत आणि सरासरी अंदाज १५ लाखांचा आहे. तेवढ्या जुन्या थरात आपल्यासारख्या माणसाचे हाड जगात कोठेही सापडलेले नाही. म्हणजे भारतात हत्यार आधीचे आहे आणि आपण नंतरचे. माणूस प्रथमपासून आज आहे तसाच होता असे ज्यांना म्हणायचे आहे, त्यांनी हे दगड कोणी घडवले, ते सांगावे लागेल.

आता हाडांकडे वळू. दख्खनच्या पठारावर हत्यारांची रेलचेल असताना ती घडवणाऱ्यांची हाडे जवळजवळ मिळत नाहीत, याचे कारण हवामान आणि माती. हाड टिकायला ते लवकर गाडले जावे लागते आणि गाडणारी मातीही चुन्याच्या अंगाची असावी लागते. कोकणातल्या जांभ्या आम्लधर्मी मातीत तर हाडाचा टिकाव लागणेच कठीण. अपवाद नर्मदेचा. ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा गावाजवळ नदीच्या वाळू-खड्यांच्या घट्ट झालेल्या थरात एक कवटीचा वरचा भाग मिळाला. त्याच थरात हातकुऱ्हाडी होत्या आणि नामशेष झालेल्या हत्तींचे अवशेष होते. कवटीच्या भुवयांवरचा कंगोरा जाड, हाड जाड, पण मेंदूची पोकळी मोठी. अंदाज ११५० पासून १४२० घन सेंटिमीटरपर्यंत. सोनकियांनी तिला होमो इरेक्टस या माणसाच्या जुन्या, नामशेष जातीच्या घरात घातले. नंतरच्या अभ्यासकांनी ती आपल्या जातीच्या जुन्या रूपाजवळ नेली. पूर्ण जुनी म्हणावी तर मेंदू मोठा, पूर्ण आधुनिक म्हणावी तर घडण जुनाट. नाव काय द्यायचे यावरून भांडण व्हावे अशीच ती आहे, आणि उत्क्रांती घडली असेल तर मधल्या काळातल्या कवट्या नेमक्या अशाच असायला हव्यात. सगळे जीवाश्म ‘वानर’ आणि ‘माणूस’ अशा दोन पेट्यांत बिनतक्रार बसले असते, तर अडचण डार्विनची झाली असती.

आफ्रिकेतला पुरावा पुष्कळ मोठा आहे. डार्विनने १८७१ मध्ये, हाताशी उल्लेखावे असे जीवाश्म नसताना, केवळ चिंपँझी आणि गोरिला यांच्या शरीररचनेवरून लिहिले होते की माणसाचे आद्य पूर्वज बहुधा आफ्रिकेत सापडतील. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत ताउंगच्या बालकाची, म्हणजे लहान मेंदूच्या पण दोन पायांवर चालणाऱ्या प्राण्याची कवटी मिळाली, तरी युरोपातल्या धुरीणांनी तिची दखल घ्यायला दोन दशके लावली. त्याचे कारण मोठे बोलके आहे. माणसाचा मेंदू आधी वाढला आणि मग तो दोन पायांवर उभा राहिला, अशी त्या काळच्या विद्वानांची समजूत होती, कारण बुद्धी हे माणसाचे भूषण आणि पाय ते काय! इंग्लंडात पिल्टडाउन येथे १९१२ साली नेमका असाच, मोठ्या मेंदूचा आणि वानराच्या जबड्याचा ‘पूर्वज’ सापडला होता. तो कोणीतरी बनवून पुरला होता, हे १९५३ मध्ये सिद्ध झाले. उत्क्रांतीचे विरोधक पिल्टडाउनचा दाखला आजही आनंदाने देतात. ती लबाडी उघडी पाडली ती उत्क्रांतीच्याच अभ्यासकांनी, आणि ती उघडी पडण्याचे एक कारण असे की आफ्रिकेतून निघणारी खरी हाडे बरोबर उलट गोष्ट सांगत होती.

ती गोष्ट अशी. टांझानियात लेटोली येथे ज्वालामुखीच्या ओल्या राखेवरून कोणी चालत गेले आणि त्यांची पावले उमटून राहिली. वय सुमारे ३६ लाख ६० हजार वर्षे. टाच आधी टेकलेली, आंगठा इतर बोटांच्या रांगेत, वानरासारखा बाजूला फाकलेला नाही. इथिओपियात हदार येथे १९७४ मध्ये ल्युसी सापडली, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची, सांगाड्याचा चाळीसेक टक्के भाग हाती लागलेला. तिचे कटीचे हाड बसके आणि रुंद आहे, मांडीचे हाड गुडघ्याकडे आत झुकते, म्हणजे चालताना शरीराचा तोल एका पायावर पेलता येतो. हात मात्र लांब आहेत, आणि तिच्या जातीच्या कवट्यांत मेंदू चिंपँझीच्या मेंदूहून थोडाच मोठा भरतो. केनियातील लोमेक्वी येथली दगडी हत्यारे सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आणि इथिओपियातील गोना येथली २६ लाखांची. मेंदूची ठळक वाढ दिसू लागते ती २० लाखांच्या अलीकडे. केनियात १९८४ मध्ये मिळालेल्या, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या तुर्कानाच्या मुलाची गळ्याखालची ठेवण जवळजवळ आपली आहे, मेंदू मात्र आपल्या दोन तृतीयांश. आपल्या जातीचे सर्वांत जुने मानले जाणारे अवशेष मोरोक्कोत जेबेल इर्हूद येथले, सुमारे ३ लाखांचे. पाय आधी, हत्यार मग, मेंदू सर्वांत शेवटी: हा क्रम कोणाच्या अपेक्षेप्रमाणे आलेला नाही. अपेक्षा उलट होती, तरीही तो आला. म्हणून मला त्याचा भरवसा वाटतो.

आपल्याकडची अशीच एक अपेक्षा मोडल्याची कथा फारशी सांगितली जात नाही. १९३२ साली शिवालिकच्या टेकड्यांत, आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे, येल विद्यापीठाच्या जी. एडवर्ड लुइस यांना जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्यांनी त्याला नाव दिले रामापिथेकस, रामाचा वानर. त्या तुकड्यावरून जबड्याची कमान माणसासारखी असावी असे ठरवले गेले आणि १९६० च्या दशकात एल्विन सायमन्स व डेव्हिड पिलबीम यांनी त्याला मानवकुळाचा आद्य पुरुष म्हणून प्रतिष्ठा दिली. एवढा गौरव हिंदुस्थानच्या भूमीला मिळाल्यावर कोण सोडणार? पण १९६७ मध्ये सारिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या प्रथिनांच्या तुलनेवरून सांगितले की माणूस आणि आफ्रिकी वानर यांच्या वाटा केवळ ५० लाख वर्षांपूर्वी फुटल्या. रामापिथेकस त्याहून कितीतरी जुना. हाडांच्या अभ्यासकांनी बरीच वर्षे नाके मुरडली. १९८० मध्ये पाकिस्तानातील पोटवार पठारावर त्याच्या भाईबंदाचा, शिवापिथेकस या प्राचीन वानराचा, जवळजवळ पूर्ण चेहरा सापडला, तेव्हा तो स्पष्टपणे ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. ते मान्य करणाऱ्यांत आघाडीवर होते पिलबीम स्वतः. रामापिथेकस हे वेगळे नावही गेले आणि तो शिवापिथेकसमध्ये विलीन झाला. आपला पूर्वज म्हणून पूजलेला प्राणी आपल्या चुलत घराण्यातला ठरला, हे कबूल करायला पुराव्यापुढे मान तुकवावी लागते, आणि ती तुकवली गेली.

आता तिसरा साक्षीदार. त्याला बोलावण्यासाठी उत्खनन नको, कारण तो आपण रोज खुर्चीवर टेकवतो. पाठीच्या कण्याच्या तळाशी तीन ते पाच लहान मणके जुळून झालेले जे हाड आहे, त्याला मराठीत माकडहाड म्हणतात. हे नाव डार्विनच्या मराठी चाहत्यांनी पाडलेले नाही. घसरून आपटलेल्या माणसाला कोठे लागले ते सांगण्यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याला चक्क शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ती आत जिरते. माकडहाड निरुपयोगी आहे असे मात्र म्हणू नये, कारण ओटीपोटाखालचे स्नायू त्याला बांधलेले असतात. अवशेष म्हणजे टाकाऊ नव्हे. घराची जुनी खुंटी आज छत्री अडकवायला वापरली, तरी ती मुळात पागोट्यासाठी ठोकली होती हे तिच्या जागेवरून कळते, तसा हा प्रकार आहे. एक प्रयोग वाचकाने आत्ताच करावा: आंगठा आणि करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित आत वाकवावे. बहुतेकांच्या मनगटाच्या मधोमध एक ताठ शीर, म्हणजे खरे तर स्नायूचा कंडरा, उठून दिसेल, काहींच्या दिसणार नाही. ज्यांच्या दिसत नाही त्यांची पकड काही कमी नसते, आणि ज्यांच्या दिसते त्यांचा तो कंडरा काढून शल्यविशारद दुसरीकडे जोडतात, तरी हाताचे काही बिघडत नाही.

यापेक्षाही मला बोलकी वाटतात ती आपली दुखणी. आडव्या शरीराचा भार पेलणारा कणा उभा केला, त्याला कमरेत बाक दिला, आणि मग खालच्या मणक्यांमधल्या गाद्या सरकू लागल्या. उभे चालण्यासाठी कटीची घडण बदलली आणि कालांतराने मेंदू वाढल्यामुळे बाळाचे डोके मोठे झाले. या दोन गरजांच्या कैचीत सापडले बाळंतपण. माकडिणीचे पिल्लू बहुधा आईकडे तोंड करून बाहेर येते आणि ती त्याला स्वतः हात देऊन वर घेते. माणसाचे बाळ जन्ममार्गात वळून बहुधा आईच्या पाठीकडे तोंड करून येते, त्यामुळे त्याला झेलायला दुसरे कोणीतरी लागते. सुईण ही जगातल्या सर्वांत जुन्या पेशांपैकी एक असावी, याचे मूळ हाडांच्या या रचनेत आहे. कोऱ्या कागदावर आखणी करणाऱ्या कोणत्याही शहाण्या कारागिराने असा आराखडा काढला नसता. चार पायांच्या इमारतीची डागडुजी करून दोन पायांची केली, म्हणून ती अशी आहे.

दगड, हाडे आणि आपले शरीर या तिघांनी आपसांत संगनमत केलेले नाही, यात या खटल्याचे बळ आहे. बाळंतपणाचा अभ्यास करणाऱ्या वैद्याला राखेचे वय ठाऊक नव्हते, राखेचे वय मोजणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला हातकुऱ्हाडीचे घाव वाचता येत नव्हते, आणि नेवाशाला गाळ उपसणाऱ्यांना ल्युसी माहीत असणे शक्यच नव्हते, कारण ती सापडायची होती. तरी तिघांचे म्हणणे जुळते. पुढे जनुकांचा अभ्यास सुरू झाला आणि त्यानेही हीच वंशावळ सांगितली; आपली दुसऱ्या क्रमांकाची गुणसूत्रे वानरांच्या दोन गुणसूत्रांच्या जोडातून झाली, त्या सांध्याची खूणही १९९१ मध्ये सापडली. पंचशीलातली चौथी कसोटी म्हणते की दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. ही शक्यता उभी करणे अवघडही नाही: लेटोलीच्या राखेखाली आधुनिक माणसाची एक कवटी काढून दाखवावी, सगळी इमारत कोसळेल. दीडशे वर्षे जगभर खोदकाम चालू आहे आणि अशी कवटी निघालेली नाही.

दोन आक्षेप थोडक्यात निकालात काढतो. वानरापासून माणूस झाला तर वानरे अजून कशी, असे विचारले जाते. चुलत भावाचे घर अजून नांदते आहे म्हणून आपल्या दोघांचे पणजोबा झालेच नव्हते, असे कोणी म्हणत नाही. दुसरा आक्षेप आक्षेप नसून दावा आहे: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह या क्रमात आपल्या पूर्वजांनी उत्क्रांती आधीच सांगून ठेवली आहे. २०१९ च्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी हे व्यासपीठावरून मांडले. दशावतारांना श्रद्धेत आणि कलेत त्यांचे स्वतःचे स्थान आहे. कोकणातल्या रंगमंचावर ते रात्रभर जागतात आणि जागवतात. पण कोणत्या थरात काय सापडले तर ते खोटे ठरतील, हे त्यात सांगितलेले नाही, आणि सांगण्याचा तो हेतूही नव्हता. त्यांना विज्ञानाच्या दाखल्याची गरज पडते असे मानणे, हा मला त्यांचाच अवमान वाटतो.

राहता राहिला अभ्यासक्रम. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि अभ्यासकांनी पत्रक काढून दहावीचा धडा परत मागितला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे असे उत्तर मिळते. पण दहावीनंतर जीवशास्त्र घेणारी मुले थोडी, आणि वाणिज्य, कला, तंत्रनिकेतन किंवा थेट कामधंद्याकडे जाणारी मुले बहुसंख्य. धडा गाळला तर त्यांना उत्क्रांती शाळेत कधीच भेटणार नाही. आपल्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा होता. अशा बाबतीत महाराष्ट्राने केंद्राच्या मागे जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही गाळणाऱ्यांवर सगळा दोष ढकलून मोकळे होणे मला जमत नाही. तो धडा इतक्या सहज का गळला? कारण आपण तो नावांची जंत्री म्हणून शिकवला. रामापिथेकस, ऑस्ट्रेलोपिथेकस, होमो हॅबिलिस, होमो इरेक्टस, निअँडरथाल, क्रोमॅग्नॉन. एकामागून एक कणा ताठ करत चाललेल्या सहा आकृत्यांची रांग. आणि दोन गुणांची टीप. ज्या रामापिथेकसला जाऊन चाळीस वर्षे झाली, तो केंद्रीय बारावीच्या पुस्तकात आणि स्पर्धा परीक्षांच्या गाईडांत अजूनही ‘अधिक माणसासारखा’ म्हणून हजेरी लावतो. ती रांगेची आकृती तर सपशेल चूक आहे, कारण प्रत्यक्षात झाड आहे आणि त्याच्या बहुतेक फांद्या वाळून गेल्या आहेत. अशी यादी पाठ केलेला मुलगा मोठा झाल्यावर ‘कोणी पाहिले?’ या प्रश्नापुढे गप्प बसतो, कारण त्याला निकाल सांगितला गेला, पुरावा दाखवला गेला नाही. विश्वास ठेवायला सांगितलेल्या गोष्टीवरचा विश्वास कोणीही काढून घेऊ शकतो.

म्हणून धडा परत आणताना तो जसाच्या तसा आणू नये. त्याची सुरुवात डार्विनच्या दाढीवाल्या चित्राने न करता दोन दगडांनी करावी: एक प्रवरेच्या पात्रातला नैसर्गिक रीतीने फुटलेला गोटा, दुसरा तेथलाच घडवलेला, किंवा त्याची प्लास्टरची प्रतिकृती. मुलांनी दोन्ही हातांत घेऊन कोणता कोणता ते ठरवावे आणि का, ते लिहावे. बोरीच्या राखेची तिन्ही वये फळ्यावर मांडून कोणते मत त्यांना पटते, यावर वाद घालावा. पिल्टडाउन आणि रामापिथेकस या दोन्ही चुका नावानिशी शिकाव्यात. नगर आणि संभाजीनगरच्या शाळांच्या सहली वेरूळ-दौलताबादला जातातच, त्यांतली एखादी नेवाशाला थांबावी. खांबाचे दर्शन झाल्यावर नदीकाठी उतरून गाळाचे थर दाखवायला शिक्षकाला अर्धा तास पुरतो. तेथले दगड उचलून घरी न्यायचे नाहीत, एवढे मात्र आधी बजावून ठेवावे, कारण थरातून निघालेल्या हत्याराची साक्ष तेथेच संपते.